पिलांबरोबर विकत आलेला रोग

कोंबड्या पाळण्याचा धंदा आपल्याकडे आतां केवळ परसांतला राहिला नाहीं. पांच हजार पक्ष्यांची शेड हें महाराष्ट्रांतील कित्येक शेतकरी कुटुंबांचें मुख्य उत्पन्न झालें आहे, आणि त्या शेडवर बहुधा बँकेचें कर्जही उभें असतें. अशा शेडमध्यें आणलेलीं पिलें पहिल्या आठवड्यांतच पंख पाडून, डोळे मिटून ब्रूडरखालीं गर्दी करूं लागलीं, त्यांच्या बुडाशीं पांढरी चिकट विष्ठा वाळून बसली, आणि रोज सकाळीं मेलेल्या पिलांची पाटी भरूं लागली, म्हणजे त्या घरावर कोणता प्रसंग ओढवतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं दोष पाळणाऱ्याच्या माथीं येतो. ऊब कमी पडली, पाणी स्वच्छ नव्हतें, तूस ओलें राहिलें, असें त्यास ऐकविलें जातें. या चुका कधीं कधीं खऱ्याही असतात. परंतु पांढऱ्या हगवणीचा रोग पुष्कळदां पिलांच्या पेटींतूनच शेडमध्यें येतो, ही गोष्ट जितक्या स्पष्टपणें बोलली जावी तितकी बोलली जात नाहीं.

या रोगाचे जंतु सालमोनेला नांवाच्या मोठ्या कुळांतले आहेत. डॅनियल सालमन या अमेरिकन पशुवैद्याच्या नांवावरून हें कुळ ओळखलें जातें. त्यांतील पुलोरम हा जंतु पिलांस पांढरी हगवण लावतो. गॅलिनॅरम हा मोठ्या पक्ष्यांस विषमज्वरासारखा ताप आणून मारतो. पुलोरमच्या दुखण्यांतून वांचलेली तलंग वरून धडधाकट दिसते. परंतु जंतु तिच्या अंडाशयांत घर करून राहतो, तेथून अंड्यांत उतरतो व अंड्यांतून पिलांत येतो. उबवणी यंत्रांत असें एक पिलूं अंडें फोडून बाहेर आलें कीं त्याच्या लवेच्या धुळीबरोबर जंतु शेजारच्या निरोगी पिलांपर्यंत पोंचतो. याच कुळांतील एन्टेरिटिडिस व टायफिम्युरियम यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांची बाधा झालेला मोठा पक्षी बहुधा खातो, पितो, अंडीं देतो; आजारी पडतो तो कच्चें किंवा अर्धवट शिजलेलें अंडें वा मांस खाणारा मनुष्य. लहान मुलें व वृद्ध यांच्या तर तें प्रसंगीं जिवावर बेततें. म्हणून हा प्रश्न जितका पाळणाऱ्याच्या पोटाचा, तितकाच खाणाऱ्याच्या आरोग्याचाही आहे.

रोग वरच्या पिढींतून खालीं येत असेल तर त्याचा बंदोबस्तही वरूनच व्हावयास हवा. हें करून दाखविलेलें उदाहरण अमेरिकेचें आहे. पुलोरमनें पिलांतील मर कधीं कधीं शेंकडा ८० च्या वर जाई, अशा काळांत १९३५ सालीं तेथें राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. ती सक्तीची नव्हती. जो उबवणीवाला पैदाशीच्या कळपांतील पक्षी तपासून बाधित पक्षी काढून टाकी, त्यास आपलीं पिलें त्या प्रमाणपत्रानिशीं विकतां येत. तपासणीही अवघड नाहीं. पक्ष्याच्या पंखाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब घ्यावयाचा, काचेवर तो रंगीत प्रतिजनाच्या थेंबांत मिसळावयाचा, आणि दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात कीं नाहीं तें पाहावयाचें. एकदां तपासून भागत नाहीं. कळप स्वच्छ ठरेपर्यंत पुनःपुन्हां तपासावा लागतो. या चिकाटीचें फळ असें कीं तेथील व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

दुसरें उदाहरण इंग्लंडचें, आणि तें गिऱ्हाइकाच्या विश्वासासंबंधीं आहे. तेथें एन्टेरिटिडिसमुळें माणसें आजारी पडण्याचें प्रमाण वाढत असतां ३ डिसेंबर १९८८ रोजीं आरोग्यखात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनीं देशांतील बहुतेक अंड्यांच्या उत्पादनास सालमोनेलाची बाधा असल्याचें बोलून दाखविलें. विधान अतिशयोक्त होतें, आणि दोन आठवड्यांत त्यांस राजीनामा द्यावा लागला. परंतु तोंपर्यंत अंड्यांचा खप कोसळला होता. पुढील वर्षीं बाधित कळप मारण्याची सक्ती झाली. खरा उतार पडला तो १९९८ पासून, जेव्हां उत्पादकांनीं सिंहाचा छाप असलेल्या अंड्यांसाठीं कोंबड्यांस लस टोंचणें बंधनकारक केलें. त्यानंतर माणसांतील या रोगाचें प्रमाण झपाट्यानें घटलें. आणि २०१७ सालीं तेथील अन्न खात्यानें असा छाप असलेलीं अंडीं अर्धकच्चीं खाण्यास गरोदर स्त्रिया, लहान मुलें व वृद्ध यांसही मोकळीक दिली. कांहीं दिवसांत गमावलेला विश्वास परत मिळवावयास त्या धंद्यास सुमारें तीस वर्षें लागलीं.

यावर आपल्याकडे दोन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, आपण अंडें व मांस पुरतें शिजवून खातों, मग जंतूंची भीति कशाला? चांगल्या शिजण्यानें जंतु मरतात हें खरें. परंतु कच्चें मांस ज्या पाटावर कापलें त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी कापली, तर शिजविण्याचा काय उपयोग? शिवाय शिजविण्यानें खाणारा वांचतो, मेलेलीं पिलें परत येत नाहींत. दुसरा आक्षेप, पाण्यांतून औषध दिलें कीं काम भागतें. प्रतिजैविकानें मर थांबल्यासारखी वाटते. पण वांचलेल्या पक्ष्यांच्या अंगीं जंतु राहतो, आणि औषधास न जुमानणारी त्याची प्रजा निपजते. याच भीतीनें भारत सरकारनें २०१९ च्या जुलैमध्यें अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांस कोलिस्टिन देण्यास बंदी केली, कारण माणसाच्या दुखण्यांत सर्व उपाय थकल्यावर डॉक्टरांच्या हातीं उरणाऱ्या औषधांपैकीं तें एक आहे.

करार पद्धतींत पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, वीज व मेहनत पाळणाऱ्याची. आणि मोबदला वजनावर. मर वाढली कीं मोबदला घटतो. म्हणजे पैदाशीच्या कळपाकडे झालेल्या दुर्लक्षाचा दंड, ज्यानें तो कळप कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं, तो भरतो. हा व्यवहार आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. सर्वच उबवणीवाले तपासणी करीत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. करीत असतील त्यांनीं ती दाखवावी, एवढेंच म्हणणें आहे.

करितां आमच्या सभासदांपुढें तीन गोष्टी ठेवितों. पिलांच्या प्रत्येक खेपेबरोबर पैदाशीच्या कळपाची शेवटची तपासणी केव्हां झाली, किती पक्षी तपासले व किती बाधित निघाले, याचें लेखी टिपण मागावें. पहिल्या आठवड्यांत मर वाढली तर ताजीं मेलेलीं पिलें पशुवैद्यामार्फत औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवावीं. आणि रोग पिलांबरोबर आला असें ठरल्यास नुकसानीचा वांटा पुरवठादारानेंही उचलावा, अशी अट करारांत घालावी. तिसरें, हें सर्व एकट्यानें न मागतां संघामार्फत मागावें. १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रूपानें उत्पादक एकत्र आले, तेव्हां अंड्यांचा भाव जाहीर करणें व्यापाऱ्याच्या हातून त्यांच्या हातीं आलें. भावासाठीं जी एकी झाली ती निरोगी पिलांसाठीं होऊं नये, असें कांहींच कारण नाहीं.

मागणी करणाऱ्यानें आपलें घरही झाडलेलें असावें. एका वेळीं एकाच वयाचे पक्षी ठेवावे. ते विकल्यावर जुनें तूस सर्व बाहेर काढून शेड धुवावी व कांहीं दिवस रिकामी ठेवावी. खाद्याच्या पोत्यांपासून उंदीर दूर ठेवावे, कारण एन्टेरिटिडिस पसरविण्यांत त्यांचा मोठा हात असतो. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, मर सुरू झाल्यावर उरलेले पक्षी घाईनें विकून मोकळें होण्याचा मोह आवरावा. त्या पक्ष्यांचे पिंजरे दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या शेडपुढें उतरतात, आणि त्याच्या डोक्यावरही आपल्याइतकेंच कर्ज असतें. संघाच्या येत्या सभेंत पिलांच्या टिपणाचा हा प्रश्न चर्चेस यावा, आणि सभासदांनीं मागील दोन खेपांतील मरीच्या नोंदी घेऊन यावें, अशी आमची विनंति आहे.