फाईल मागू नका

रमजानात जकातीसाठी, म्हणजे शिल्लक संपत्तीतल्या गरिबांच्या अडीच टक्क्यांसाठी, अर्ज येतात. काही कमिट्या सोबत आजाराची फाईल मागतात. अंधेरी-घाटकोपरच्या चाळीत एचआयव्हीसह जगणारा रोजंदार मग त्या रांगेत उभाच राहत नाही. सरकारी एआरटी केंद्रात २००४ पासून औषध मोफत आहे. पण ते आणायला गेले की दिवसाची मजुरी बुडते, आणि चूल त्याच मजुरीवर पेटते.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असाच एक रोजंदार लढला. एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी महामंडळाने त्याचे काम काढून घेतले होते. अंगात काम करण्याची ताकद असताना केवळ या कारणाने रोजी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकालपत्रात त्याचे नाव नाही, फक्त ‘एमएक्स’. २०१७ च्या कायद्यानेही ही गुप्तता मान्य केली आहे.

रोज्याचे म्हणाल तर आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. गोळी चुकवून रोजा धरणे हा तकवा नव्हे.

कमिटीने मिळकत विचारावी, खाणारी तोंडे मोजावीत. आजार विचारू नये. आणि लिफाफा ईदच्या आधी, घरी नेऊन द्यावा.