करू कुठं दिलंस?

मागच्या शनिवारी मावसभावाचा फोन आला. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोन उचलल्या उचलल्या सुरूच झाला, "दादा, ग्रुपमध्ये आम्ही चौघं आणि काम करतोय मी एकटा. एक जण फोनच उचलत नाही, एकीला फक्त पीपीटी करायचीय, आणि तिसरा म्हणतो तू सांग, मी करतो. अरे, सांगत बसण्यापेक्षा मीच करून टाकतो ना!"

मला हसूच आलं. वीस वर्षांत फोन बदलले, सिलॅबस बदलला, कॅंटीनचा वडापाव महाग झाला, पण हे वाक्य काही बदललं नाही. प्रत्येक बॅचमध्ये, प्रत्येक ग्रुपमध्ये कोणी ना कोणी ते म्हणतंच. गंमत म्हणजे एकाच ग्रुपमधले दोघं-तिघंही म्हणतात! (ते कसं, ते पुढे येईलच.)

आमच्या ग्रुपमध्ये ते वाक्य म्हणणारा मी होतो.

२००५-०६ साल. शेवटचं वर्ष. रोल नंबरवरून ग्रुप पाडलेले, त्यामुळे कोण वाट्याला येईल ते नशीब. आमच्यात एक कॉलेजच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. एक टॉपर मुलगी, जीआरईच्या शब्दांच्या चिठ्ठ्या पर्समध्ये घेऊन फिरणारी. एक उदगीरकडचा मित्र, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, हॉस्टेलवर राहणारा. आणि चौथा मी. प्रोजेक्ट होता एसटीचं वेळापत्रक मोबाइलवर दाखवायचं. कुठून, कुठे, किती वाजता एवढं टाकायचं की पुढच्या गाड्या हजर. मोबाइलवर जेटूएमई, सर्व्हरवर जावा, खाली मायएसक्यूएल. डेमोसाठी नोकिया ६६००, तो कॅप्टनचा. (त्याचं प्रोजेक्टमधलं एकमेव योगदान, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.)

कल्पना मात्र माझी नव्हती, उदगीरकराची होती. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. गाड्या, डेपो, कुठली गाडी कुठल्या मार्गे जाते, कुठली फक्त बाजाराच्या दिवशी सुटते, हे त्याला तोंडपाठ. ऑगस्टमध्ये त्याने दोनशे पानी वहीत हाताने रकाने आखून गाड्या लिहून आणल्या. मी वही चाळली, "भारी आहे रे" म्हणालो आणि बॅगेत टाकली.

डिसेंबरपर्यंत चौघांनी मिळून बऱ्यापैकी चहा प्यायला. कॅप्टनच्या मॅचेस होत्या, मुलीची परीक्षा आणि युनिव्हर्सिट्यांचे अर्ज होते. जानेवारीत गाइड सर म्हणाले, "काय, कुठवर आलंय?" आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी मी ठरवलं, आता कोणाची वाट बघायची नाही. माझ्याकडे घरी पीसी होता, इंटरनेट होतं. रात्री बसायचो. फाइलांची नावं फायनल, फायनल टू, फायनल खरंच फायनल अशी वाढत गेली.

फेब्रुवारीत उदगीरकर पेन ड्राइव्हवर सर्चचा कोड घेऊन आला. लॅबमध्ये बसून, संध्याकाळी लॅब बंद होईपर्यंत, दोन आठवडे खपून लिहिलेला. मी घरी जाऊन बघितला. व्हेरिएबलना ए, बी, सी अशी नावं, सगळं एकाच फंक्शनमध्ये. मी तो त्याच रात्री पुसून नव्याने लिहिला. त्याला काही बोललो नाही, उगाच वाईट कशाला वाटून घ्या! त्याला आठवड्याने कळलं. तोही काही बोलला नाही. नंतर त्याने कोड आणला नाही. मी त्याला रिपोर्ट टाइप करणं आणि बाइंडिंग करून आणणं एवढं दिलं, आणि कॅंटीनमध्ये सांगत सुटलो, चौघांत मी एकटाच मरतोय.

आता ओरलचा दिवस. एक्स्टर्नल सर वयस्कर, शांत. त्यांनी उदगीरकराला विचारलं, "हा सर्च कसा चालतो?" तो गप्प. दुसरा प्रश्न, पुन्हा गप्प. मला आत कुठेतरी, खरं सांगतो, बरं वाटलं. बघा, मी म्हणत होतो ना! मग सरांनी फोन हातात घेतला आणि पुणे ते लातूर, रात्री दहानंतर, असं टाकलं. गाडी नाही. पुन्हा टाकलं. नाही.

पुण्याहून लातूरला रात्री गाडी नाही, हे त्या खोलीतल्या कोणालाच पटण्यासारखं नव्हतं.

चूक अगदी साधी होती. डेटाबेसमध्ये गाड्या भरताना मी एक तपासणी घातली होती, पोचायची वेळ सुटायच्या वेळेआधीची असेल तर ती नोंद चुकीची समजून टाकून द्यायची. रातराणी रात्री अकराला सुटते आणि पहाटे पोचते. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने एकूण एक रातराणी कचऱ्यात टाकली होती. उदगीरकराच्या वहीत अशा गाड्यांपुढे लाल शाईने "दुसरा दिवस" असं लिहिलेलं होतं. ते त्याने मला ऑगस्टमध्ये तोंडीही सांगितलं होतं. नंतर मात्र सांगायला जागाच उरली नव्हती.

प्रोजेक्टला मार्क ठीकठाक पडले. त्याला सगळ्यांत कमी. वर्षाची टक्केवारी साठच्या किंचित खाली राहिली आणि तेव्हाच्या बऱ्याच कंपन्यांची चाळणी साठवरच होती. फक्त प्रोजेक्टमुळे असं झालं असं मी म्हणणार नाही, बाकीचेही विषय होतेच. पण प्रोजेक्टचाही वाटा त्यात होता, आणि त्या वाट्यात माझा होता. पुढची तीन वर्षं त्याने छोट्यामोठ्या नोकऱ्यांत काढली.

असो. आता जरा शास्त्राकडे वळू.

माक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली आकडे प्रसिद्ध केले. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर कमी होत जातो. आठ जण ओढत असतील तर प्रत्येकाचा सरासरी जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. काही जोर एकत्र ओढताना ताळमेळ नसल्याने वाया जातो आणि काही माणूस मुळात लावतच नाही. या दुसऱ्या भागाला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, पाट्या टाकणं!

१९७९ साली बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच टाळ्या आणि आरडाओरडा करायला लावून तपासलं आणि तेच आढळलं. पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो याच मंडळींचा १९८१ सालचा प्रयोग. तुमचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर लोक ग्रुपमध्येही एकट्याइतकंच ओरडले. म्हणजे पाट्या टाकणं हा काही माणसाचा रक्तगट नव्हे. आपलं काम वेगळं दिसणार नाही हे कळलं की बरीच भली माणसंही पाट्या टाकतात, आणि दिसणार हे कळलं की टाकत नाहीत.

आता आपली कॉलेजं काय करतात बघा. चार जणांना एकत्र बांधायचं, गाइडने वर्षातून मोजक्या वेळा भेटायचं, चौघांच्या नावाचा एकच रिपोर्ट, आणि शेवटी अर्ध्या तासात निकाल. कोणाचा आवाज किती हे बघायची सोयच नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायला यापेक्षा चांगलं बीळ कुठे मिळणार? आणि वर म्हणायचं की आम्ही मुलांना टीमवर्क शिकवतो.

तेव्हा मावसभावाची तक्रार खोटी नाही. फुकटे असतात. आमच्या कॅप्टनने खरोखरच काही केलं नाही आणि त्याला माझ्याइतकेच मार्क पडले, याचा राग मला आजही येतो. पण तक्रार अर्धी आहे.

उरलेल्या अर्ध्याची गोष्ट अशी. रॉस आणि सिकोली या दोन संशोधकांनी, तेही १९७९ सालीच, नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरच्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण बघितलेलंच नसतं. एकाच ग्रुपमध्ये तिघं "मी एकटाच" कसं म्हणतात, त्याचं उत्तर हे. माझ्या हिशेबात माझा वाटा नव्वद टक्के होता. त्या हिशेबात दोनशे पानी वही धरलेली नव्हती.

दुसरी गोष्ट फ्रेड ब्रुक्सची. आयबीएमची ओएस ३६० ही प्रचंड सिस्टिम उभारताना आलेल्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन मंथ' लिहिलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो, हे त्यातलंच. कारण माणसं वाढली की आपसात बोलण्याच्या वाटा भराभर वाढतात. चौघांत सहा जोड्या, दहा जणांत पंचेचाळीस. म्हणजे एकमेकांशी बोलणं हेसुद्धा काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. आम्ही ते काम धरलंच नव्हतं. "सांगत बसण्यापेक्षा मीच करतो" म्हणणारा माणूस नेमकं तेच काम टाळत असतो. म्हणजे तोही पाट्याच टाकतो की. फक्त रात्रभर जागून टाकतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

लहानपणी आजीकडून खुलभर दुधाची कहाणी ऐकली असेल. राजाने गावातलं सगळं दूध महादेवाला आणायला लावलं तरी गाभारा भरला नाही, आणि म्हातारीच्या खुलभर दुधाने भरला. ग्रुपमधल्या प्रत्येक एकटा-मरतोयवाल्याला वाटतं की आपण म्हातारी. पण म्हातारीने आधी घरातल्या पोराबाळांना, वासरांना दूध दिलं होतं. सगळ्यांचं दूध गोळा करून घेणारा तो राजा. आमच्या ग्रुपमधला राजा कोण होता ते आता सांगायला नकोच.

मग करायचं काय? माझं मत असं. मार्क वेगळे द्या. गिट २००५ पासून आहे, कोणी कधी काय लिहिलं ते त्यात दिसतं, दर पंधरा दिवसांनी गाइडने ते उघडून बघावं. पण फक्त ओळी मोजू नका, नाहीतर वही पुन्हा हिशेबाबाहेर राहील. ओरलला प्रत्येकाला स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारा. मग सांगत बसणं भागच पडेल. आणि हे आता जास्तच गरजेचं आहे. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून एकट्याने रात्रीत सगळं उरकणं आणखी सोपं झालंय. कोड मिळेल. रातराणी दुसऱ्या दिवशी पोचते हे त्यालाही कोणीतरी सांगावंच लागेल.

कॉलेज बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एवढं तरी करा. कोणाचा कोड वाईट वाटला तर पुसू नका, शेजारी बसून दोघं मिळून दुरुस्त करा. एक संध्याकाळ जाईल. मला ऑफिसात हे जमायला सात-आठ वर्षं लागली, आणि अजूनही रिलीजच्या आदल्या रात्री हात शिवशिवतात.

२०१६ साली, बॅचला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही भेटलो. जेवणं झाल्यावर मी सवयीने तोच किस्सा रंगवून सांगत होतो, चौघांचं प्रोजेक्ट आणि मी एकटा. सगळे हसत होते. उदगीरकर शेजारी बसून बडीशेप खात होता. हसू ओसरल्यावर एवढंच म्हणाला, "केलंस तूच, खरंय. पण करू कुठं दिलंस?"

भांडणाचा सूर नव्हता. म्हणून जास्त लागलं. मी सॉरी म्हणालो का? नाही. विषय बदलला. नंतर कधीतरी फोनवर म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे रे, कधीचं ते." पण तो किस्सा मी पुन्हा कोणाला तसा सांगितला नाही.

तर, मावसभावाला मी विचारलं, "तो तिसरा म्हणतो ना, तू सांग मी करतो. त्याला शेवटचं कधी सांगितलंस?"

बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाला, "दादा, रेंज जातेय."