‘पुढे काय?’ आणि शेवटच्या वर्षाची मुलं

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना ‘पुढे काय?’ विचारलं की ती ‘बघू’ म्हणतात. ही बेफिकिरी नव्हे, असं माझं मत. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मते आशेत दोन गोष्टी येतात : आपल्याला जमेल हा विश्वास आणि तिथवर जायच्या वाटा दिसणं. कल्याण-डोंबिवलीहून लोकलमध्ये धक्के खात शिकणाऱ्या मुलांत जिद्द आहेच. वाट मात्र आपण एकच दाखवतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनलाइन तपासणीच्या गोंधळात रखडले, पुढचे प्रवेश अडकले. एकच वाट धरलेल्यांचं तेव्हा काय झालं असेल! पालकहो, ‘हे नाही जमलं तर?’ हा प्रश्न घरात अभद्र समजू नका. स्नायडरच्या हिशेबात दुसरी वाट ठाऊक असणं हाही आशेचाच भाग. फक्त विचारायचं ते आत्ता, परीक्षेआधी. निकालानंतर तोच प्रश्न टोमण्यासारखा लागतो.