सोंग आणि पत

ऑनलाइन खेळात हरलेला मुलगा ‘माझे पात्र मेले’ असे म्हणत नाही. ‘मी मेलो’ असे म्हणतो. घरातील वडीलधारी मंडळी हसतात किंवा रागावतात आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक त्या दोन शब्दांत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. रंगभूमीवरील नट रंग पुसून घरी जातो. आपण भूमिका केली याचे त्याला भान असते. या खेळांत मात्र आपण भूमिका करीत आहोत, हेच अनेकांच्या ध्यानी येत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला खेळ पाहा. त्यात असंख्य माणसे एकाच काल्पनिक जगात वावरतात. ज्यांना पात्राच्या तोंडूनच बोलायचे आहे, त्यांच्यासाठी या खेळाने स्वतंत्र विभाग ठेवले. इतर खेळाडू म्हणतात, ‘आम्ही असली नाटके करीत नाही, आम्ही नुसते खेळतो.’ परंतु ज्याने चिलखतधारी योद्ध्याचे काम पत्करले, तो आपोआप पुढे होतो, वार अंगावर घेतो, सोबत्यांना हुकूम सोडू लागतो. ज्याने जखमा भरून काढण्याचे काम घेतले, तो मागे राहून प्रत्येकाची काळजी वाहतो. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, तरी भूमिका वठते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी यावर प्रयोग केले. ते २००७ साली प्रसिद्ध झाले. संगणकातील आभासी जगात काहींना उंच देह दिला, काहींना ठेंगणा. निवड केवळ योगायोगाने केलेली. नंतर त्यांना पैशांची वाटणी करावयास सांगितले. उंच देह मिळालेले अधिक ताठरपणे घासाघीस करू लागले आणि ठेंगण्या देहाचे अन्याय्य वाटणीलाही अधिक सहजतेने मान्यता देऊ लागले. रूपे बदलणाऱ्या ग्रीक देवतेच्या नावावरून संशोधकांनी याला ‘प्रोटियस परिणाम’ म्हटले.

आपल्या व्यापारी घरांना हे नवे वाटू नये. काल गल्लीत क्रिकेट खेळणारा मुलगा आज दुकानाच्या गादीवर बसला की त्याचे बोलणे बदलते, बसणे बदलते, गिऱ्हाइकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जागा माणसाला घडवीत असते. फरक एवढाच, की गादीवर बसलेल्या मुलाच्या पाठीशी वडील आणि काका असतात. पडद्यामागच्या गादीवर तो एकटा असतो.

ही एकट्याची गादी कोठवर नेते, याचे एक उदाहरण बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला विशेष विचार करावयास लावते. आइसलँडमधील एका कंपनीने २००३ साली ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील व्यापार आणि युद्धाचा खेळ सुरू केला. त्याचे स्वतंत्र चलन आहे. त्यात खेळाडूंनीच ‘ईबँक’ नावाची बँक काढली. कोणी अध्यक्ष झाला, कोणी ठेवीदार झाले, कर्जे दिली गेली. २००९ साली बँकेच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इतके खेळातील चलन काढून घेतले आणि ते विकून खरे पैसे मिळविले. रक्कम काही हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. घर घेण्यासाठी आणि कुटुंबाच्या औषधोपचारासाठी ती वापरल्याचे सांगितले गेले. बातमी पसरताच ठेवी काढून घेण्यासाठी झुंबड उडाली, जशी ती कोणत्याही खऱ्या बँकेवर उडते.

त्या खेळाडूला खेळातून काढून टाकण्यात आले, परंतु अपहाराबद्दल नव्हे. त्या खेळाच्या नियमांत दगाफटका चालतो. खेळातील चलन बाहेर विकणे तेवढे चालत नाही. म्हणजे नियमांच्या दृष्टीने ठेवीदारांचा विश्वासघात हा खेळाचाच एक डाव ठरला.

येथे मन थबकते. तो माणूस बँकरचे सोंग करीत होता, की चोराचे? ठेवीदारांनी ‘आपण ठेवीदाराची भूमिका करू’ असे ठरविले नव्हते. त्यांनी सरळ विश्वास टाकला. चलन काल्पनिक होते. विश्वास काल्पनिक नव्हता. म्हणूनच बातमी कळताच त्यांची झालेली धावाधावही खरी होती.

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. या खेळांनी पैशाचेही सोंग आणून दाखविले. विश्वासाचे सोंग मात्र त्यांनाही साधलेले नाही. कोणी आपल्यावर भिस्त ठेवली की खेळ तेथे संपतो आणि व्यवहार सुरू होतो.

तेव्हा मुलांना केवळ ‘किती वेळ खेळलास?’ असे विचारून भागणार नाही. ‘तेथे तू कोण असतोस? तुझ्या भरवशावर कोण असते? दिलेला शब्द पाळतोस का?’ हेही विचारावे. उत्तर ऐकताना रागावू नये, कारण पुष्कळदा उत्तर चांगलेच येईल. कदाचित आपला अबोल मुलगा तेथे दहा जणांची काळजी वाहत असेल. नियमाने मुभा दिली तरी शब्द मोडायचा नाही, ही सवय एकदा अंगी मुरली, म्हणजे ती खेळाच्या गादीवर आणि दुकानाच्या गादीवर सारखीच उपयोगी पडते. व्यापारात तिलाच पत म्हणतात.