मोजणीदाराचें दप्तर

सरकारी मोजणीदार गांवांत आला म्हणजे गांव कसें गडबडून जातें, हें ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. साखळी जमिनीवर पडली कीं भाऊबंदांचे कान टवकारतात. कारण एका कडीइतकी रेषा इकडची तिकडे झाली तरी दोन पिढ्यांचें भांडण उभें राहतें. परंतु ती रेषा ओढणारा मनुष्य काय पाहतो, काय लिहून ठेवतो, आणि कोणती गोष्ट त्याच्या समोर असूनहि त्याच्या दृष्टीस पडत नाहीं, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. ह्या महिन्यांत वाचकांस अशा एका मोजणीदाराची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे, कीं ज्याचें दप्तर सुदैवानें शाबूत राहिलें आहे. हा गृहस्थ कॅनडा देशाचा होता.

विल्यम पीअर्स हें त्याचें नांव. जन्म १८४८ सालीं, ऑंटेरिओ प्रांतांत. टोरांटो येथें अभ्यास व जुन्या मोजणीदारांच्या हाताखालीं उमेदवारी करून त्यानें ही विद्या संपादिली, आणि १८७४ त तो कॅनडा सरकारच्या इंटीरियर खात्यांत रुजू झाला. १८७० सालीं हडसन्स बे कंपनीकडून पश्चिमेचा अफाट मुलूख कॅनडाच्या ताब्यांत आला होता व त्याची व्यवस्था ह्या खात्याकडे होती. विनिपेगपासून थेट रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत शेंकडों मैल पसरलेलें हें गवताळ माळरान. तिकडे त्यास प्रेअरी म्हणतात. तेथें क्री, ब्लॅकफूट इत्यादि मूळचे लोक रानगव्यांच्या कळपांमागें पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले होते. १८७१ ते १८७७ पर्यंत सरकारनें मूळच्या लोकांशीं एकामागून एक सात करार केले, आणि इकडे साखळ्या घेतलेले मोजणीदार गवतांत उतरले.

मोजणीची रीत विलक्षण सोपी होती. विनिपेगच्या पश्चिमेस एक उत्तर-दक्षिण रेषा मूळ रेषा म्हणून ठरविली व १० जुलै १८७१ रोजीं तिच्यावर पहिली खूण रोवली. तेथून सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन आंखीत जावयाचें. त्यांस टाऊनशिप म्हणत. प्रत्येकाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा चतुर्थांश १६० एकर. १८७२ च्या कायद्यानें दहा डॉलर फी भरणाऱ्या होतकरू शेतकऱ्यास असा एक चतुर्थांश मिळे. तीन वर्षें तेथें राहून जमीन कसली म्हणजे ती त्याची. प्रत्येक टाऊनशिपांतील अकरावा व एकोणतिसावा भाग शाळांच्या खर्चासाठीं राखून ठेवीत. शाळेंत जन्म घालविलेल्या आम्हांस हा नियम फार गोड वाटला, हें सांगावयास नकोच.

ह्या मोजणीची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची असे. गंटर नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें १६२० सालीं ती प्रचारांत आणली. ऐशीं साखळ्यांचा एक मैल, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडे १८३५ त इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची जी मोजणी सुरू झाली, तींत ह्याच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरीत. आणि ३३ फूट लांबरुंद चौरस म्हणजेच आपला गुंठा. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांवर आपण जे गुंठे वाचतों, ते आणि प्रेअरीवरील चौकोन हीं अशीं एकाच मापाचीं लेंकरें आहेत.

परंतु पृथ्वी वाटोळी, आणि चौकोन सपाट! उत्तर-दक्षिण रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. म्हणून उत्तरेकडे जावें तसतसा चौकोन अरुंद होऊं लागतो. ह्यावर तोड म्हणून दर चोवीस मैलांस एक दुरुस्तीची रेषा घातली, आणि तेथें वरचे चौकोन थोडे बाजूस सरकवून पुन्हां बरोबर मापानें सुरू केले. आजहि तेथील सरळ रस्ता अशा रेषेशीं आला कीं एकाएकीं कोपरा घेतो व पुन्हां सरळ धांवूं लागतो. आकाशांतील ध्रुवाचा वेध घेऊन रेषा शुद्ध करावयाची, आणि पृथ्वीच्या गोलाईस नमतें घ्यावयाचें, इतका विवेक ह्या शास्त्रांत होता.

निसर्गापुढें नमण्याचा हा विवेक पीअर्सच्या अंगीं पुरेपूर होता. मोजणीदारास मोजणीवहींत लांबी-रुंदीबरोबर मातीचा कस, झाडी, ओढे, झरे हींहि टिपावीं लागत. पीअर्स हुद्द्यानें चढत १८८२ त विनिपेगच्या जमीन-मंडळाचा सभासद झाला, व १८८४ त खाणींचा प्रमुख अधिकारी. दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यांत हिंडतांना त्यास एक गोष्ट उमगली: चौकोन कितीहि बिनचूक असला तरी त्यांत पाणी नसेल तर त्या १६० एकरांवर कुटुंब जगत नाहीं, आणि ज्याच्या चौकोनांत झरा आला तो आसपासच्या सर्वांची जनावरें तहानेनें मारूं शकतो. म्हणून त्यानें झरे व ओढ्यांचे कांठ कोणा एकास न देतां गुरांच्या पाण्यासाठीं राखून ठेवविले. बड्या गुरेवाल्यांची बाजू घेतो असा बोल लावून कित्येक नवे शेतकरी त्याच्यावर रागावले. तरी तो ढळला नाहीं. १८९४ च्या पाटबंधाऱ्यांच्या कायद्यानें तेथील पाणी सरकारच्या मालकीचें झालें, त्यामागें त्याची खटपट होती. कॅलगरी येथें बो नदीच्या वळणावर स्वतःच्या जमिनीस पाट काढून त्यानें लोकांस तें करूनहि दाखविलें. १९०४ त सरकारी नोकरी सोडून तो कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेकडे गेला, व १९३० सालीं वारला. त्याच दशकांत दुष्काळानें त्या कोरड्या पट्ट्यांतील माती धुळीच्या वादळांत उडाली व कित्येक कुटुंबें घरेंदारें टाकून गेलीं. पाण्याच्या बाबतींत त्याचें म्हणणें असें अक्षरशः खरें ठरलें.

आतां ह्या चित्राची दुसरी बाजू पाहूं. त्या मुलखांत मेती नांवाचे लोक राहत. फ्रेंच किंवा इतर युरोपीय व्यापारी आणि तेथील मूळच्या स्त्रिया यांच्यापासून झालेला हा समाज. त्यांच्या जमिनी चौकोनी नसत. नदीकांठीं थोडकी रुंदी आणि मागें दूरवर खोली, अशा पट्ट्या ते धरीत. म्हणजे प्रत्येक घरास पाणी, मासळी, सरपण, वाहतुकीस नदी, मागें गवताचें रान, आणि हांकेच्या अंतरावर शेजार. आपल्याकडे भावांच्या वाटण्या होतांना विहीर सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या लावतात, त्यांतलेंच हें शहाणपण. १८६९ त लाल नदीकांठीं एका मेतीच्या गवताच्या रानांत सरकारी साखळी शिरली, तेव्हां लुई रिएल नामक तरुणानें सोबत्यांसह तीवर पाय देऊन मोजणी थांबविली, आणि त्या तंट्यांतूनच १८७० त मॅनिटोबा प्रांत जन्मास आला. पुढें बरेच मेती पश्चिमेस सस्कॅचवान नदीवर जाऊन राहिले. तेथेंहि चौकोन त्यांच्या मागून आले. १८८२ त गाब्रिएल द्यूमाँ व त्याच्या सोबत्यांनीं नदीच्या पट्ट्या तशाच मोजून द्याव्या असा अर्ज केला.

येथें एक साधें गणित करून पाहावें. दहा साखळ्या रुंद व दोन मैल खोल अशी पट्टी घेतली तर तिचें क्षेत्रफळ किती? सोळाशें चौरस साखळ्या, म्हणजे बरोबर १६० एकर! सरकारास एक एकरहि अधिक द्यावा लागला नसता. भांडण फक्त आकाराचें होतें. आमच्या शुल्बसूत्रकारांस हें मर्म ठाऊक होतें. वेदी श्येनाच्या आकाराची करा, रथचक्राच्या करा, द्रोणाच्या करा; क्षेत्रफळ तेंच साडेसात चौरस पुरुष, आकार मात्र यजमानाच्या कामनेप्रमाणें. ज्याची जशी कामना तसा आकार, हें दोरी धरणारास आधीं विचारून घ्यावें लागे.

१८८४ च्या आरंभीं प्रिन्स अल्बर्ट येथें हक्कांची चौकशी करावयास पीअर्सच गेला. इंग्रजी बोलणाऱ्यांचे दावे त्यानें स्वतः ऐकले. परंतु फ्रेंच त्यास येत नसे, म्हणून मेतींचें काम तेथल्या जमीन-अधिकाऱ्यावर सोंपवून तो परतला. त्या अधिकाऱ्यानें मे महिन्यांत जबान्या घेतल्या, कागद वरिष्ठांकडे गेले, आणि निकाल खालीं पोंचूं लागेपर्यंत १८८५ चा मार्च उजाडला. २६ मार्च रोजीं डक लेक येथें गोळी सुटली. मे महिन्यांत बातोश पडलें, आणि १६ नोव्हेंबरास रिएल फांसावर चढला. मागाहून पीअर्सनें दाव्यागणिक सविस्तर अहवाल लिहिला. बंडास जमिनीची खरी तक्रार कारण नव्हती असा त्याचा रोख आहे. त्यावर इतिहासकारांत अजून वाद चालू आहे. आम्हांस मात्र इतकें दिसतें, कीं झऱ्यासाठीं चौकोन मोडावयास सिद्ध झालेला हा माणूस माणसांसाठीं तो मोडावयास सिद्ध झाला नाहीं. झऱ्याची भाषा त्यास कळत होती.

पीअर्सचीं पत्रें, अहवाल व त्यानें उतारवयांत लिहिलेला पश्चिमेच्या वसाहतीचा हस्तलिखित इतिहास आज आल्बर्टा विद्यापीठाच्या दप्तरखान्यांत सांभाळून ठेवले आहेत. उलट बातोश येथील मेतींचे कागद सरकारी फौजेच्या हातीं पडले, आणि खटल्यांत त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल झाले. एकाचें दप्तर सन्मानानें जतन झालें, दुसऱ्याचें जप्तींत. तरी कागद उरले ही गोष्ट व्यर्थ गेली नाहीं. मॅनिटोबांतील मेतींच्या मुलांसाठीं १८७० च्या कायद्यानें चौदा लाख एकर राखून ठेविले होते. त्या वचनाची अंमलबजावणी सरकारनें राजधर्मास शोभेल अशी केली नाहीं, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें ८ मार्च २०१३ रोजीं दिला. एकशें त्रेचाळीस वर्षांनंतरचा हा निवाडा जुन्या कागदांवांचून कशाच्या आधारें झाला असता?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर रुमालांत बांधलेलीं जुनीं दप्तरें असतील; कुळकर्ण वतन गेलें तरी रुमाल राहिले आहेत. दिवाळीपूर्वीच्या झाडलोटींत ते रद्दींत जाण्यापूर्वीं एकदां सोडून पाहावे. त्यांत सनदा असतील, मोजणीचे नकाशे असतील. आणि खालीं कोठेंतरी एखाद्या कुळाचा नामंजूर झालेला, मोडक्या अक्षरांतला अर्जहि असेल. सनदेच्या जोडीस तोहि सुक्या कडुनिंबाच्या पाल्यांत घालून नीट बांधून ठेवावा. सनदेची नक्कल सरकारांत सांपडेल. त्या अर्जाची बहुधा दुसरी प्रत नाहीं.