मुकुटबनची ‘कंपनी’

तेलंगणाच्या सीमेलगत, यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन येथे 2022 साली सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांच्या या परिसरात ‘कंपनी’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तो खरोखर समजला आहे काय, हा प्रश्न वेगळा.

इंग्रजी शब्दांचे येथील आगमन नवे नाही. कापसाबरोबर ‘जिन’ आले. ‘इंजिन’ आणि ‘जिन’ हा मुळात एकच शब्द. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ उपजत बुद्धी. तीच बुद्धी पुढे युक्ती झाली, युक्तीचे यंत्र झाले आणि विदर्भात ‘जिनिंग’ ही कापूस घेऊन जाण्याची जागा झाली. ‘सिमेंट’चे लॅटिन मूळ तर खाणीतून फोडलेला ओबडधोबड दगड. चुनखडीच्या या मुलखात तो शब्द जणू माहेरीच आला!

‘कंपनी’ची कथा मात्र इतकी निरुपद्रवी नाही. ‘सह’ आणि ‘भाकर’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन पदांतून हा शब्द घडला. एकत्र बसून भाकर खाणारे सोबती, हा त्याचा आद्य अर्थ. सोबत्यांचे भागीदार झाले. 1600 साली लंडनच्या अशाच व्यापारी भागीदारांना राणीची सनद मिळाली, आणि 1853 मध्ये निजामाने त्यांच्या हाती वऱ्हाडचा कारभार सोपविला. 1858 पर्यंत कंपनी म्हणजेच येथील सरकार होते.

आज कायदा कंपनीला स्वतंत्र व्यक्ती मानतो. बोलणारा मात्र त्याच शब्दाने कधी मालक, कधी अधिकारी, तर कधी कंत्राटदार सुचवितो. ‘कंपनीने नोकरी देऊ म्हटले’ या वाक्यात वचन नेमके कोणी दिले? कंत्राटदाराच्या माणसाने तोंडी दिलेला शब्द कंपनीला बांधतोच असे नाही, आणि जमीन दिलेल्या कुटुंबाला हा भेद बहुधा उशिरा कळतो. शाळेत या शब्दाचे स्पेलिंग घोटून घेतले जाते. त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. गावकऱ्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने ‘कंपनीने सांगितले’ एवढ्यावर न थांबता कंपनीचे नोंदणीकृत नाव, सांगणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख कागदावर घालावी.