तारेच्या टोकावरचा राखणदार

काहीच वाईट वार्ता कानी येत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे असे समजावे काय? रात्रीची गस्त घालणारा पहारेकरी दर प्रहराला आरोळी देत असे. त्या आरोळीने चोर बिचकत, हे खरे; पण तिचा याहूनही मोठा उपयोग असा की, ती ऐकू आली नाही म्हणजे पहारेकरी निजला किंवा त्याच्यावर काही प्रसंग ओढवला, हे गावास कळत असे. त्याचे मौन हीदेखील एक वर्दीच होती.

सांप्रत पहारेकऱ्याची जागा पुष्कळ ठिकाणी विजेच्या अलार्मने घेतली आहे. बँका, सराफांच्या पेढ्या, देवालये, शाळांतील प्रयोगशाळा आणि संगणककक्ष यांच्या दारांना संवेदक बसविलेले दिसतात, छताला धूरशोधक टांगलेले असतात. ही यंत्रे वर्षानुवर्षे गप्प असतात. ही शांतता विश्वासार्ह आहे की नाही, हे एका लहानशा वस्तूवर, म्हणजे तारेच्या शेवटी जोडावयाच्या रोधकावर अवलंबून असते. हा रोधक तारेच्या टोकालाच असला पाहिजे. कामाच्या सोयीसाठी तो नियंत्रणपेटीत बसविणे म्हणजे अजाणता का होईना, मालकाची फसवणूक करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. विद्युत्शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हा प्रश्न जितका विजेचा तितकाच विश्वासाचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या रोधकाचे कार्य पाहू. जर्मनीतील गेओर्ग ओहम यांनी अनेक वर्षे शाळाशिक्षकाचे काम केले. विद्युत्दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगणारा त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा नियम आपण नववी-दहावीत शिकतोच. १२ व्होल्टचा दाब ५,६०० ओहमच्या रोधाला थेट लावला, तर सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. अलार्मच्या पेटीत आतला रोधही असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह याहून कमी असतो. हा क्षीण प्रवाह पेटीतून निघतो, तारेने दारापर्यंत जातो, रोधकातून वळतो आणि परत येतो. पेटी अखंडपणे हा रोध मोजीत असते. मोजमाप ठरल्याप्रमाणे आले, की तिला समजते, तार टोकापर्यंत धड आहे. तार तुटली तर प्रवाह थांबतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध शून्यावर येतो. दोन्ही प्रसंगी पेटी सावध होते. रोधक टोकाला उभा राहून क्षणोक्षणी आरोळी देणारा राखणदार आहे, तो असा.

आता हाच रोधक पेटीत बसविला तर काय होते? दाराचा संवेदक बहुधा चुंबकावर चालणारा असतो. दार बंद असता त्याचा परिपथ पूर्ण होतो, उघडले की तुटतो. रोधक त्याच्याशी एकसर जोडणीत असतो. तो पेटीत असला आणि वाटेत कोणी दोन तारा सोलून जोडल्या, किंवा उंदराने आवरण कुरतडल्यामुळे त्या चिकटल्या, तर दार सताड उघडे असूनही पेटीला ५,६०० ओहमच दिसतात. पेटी म्हणते, सर्व क्षेम आहे! धूरशोधकाची गत याहूनही भयंकर. साध्या पद्धतीच्या आगसूचक यंत्रणेत शोधक तारांना समांतर जोडलेले असतात, आणि रोधक शेवटच्या शोधकात असावयाचा असतो. तो पेटीत असला, तर वाटेत तार तुटून पलीकडचे सारे शोधक निकामी झाले तरी पेटीला काहीच वेगळे दिसत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण अशाच कारभारासाठी जन्मली असावी. मधूनच फांदी फोडून जोडलेल्या शोधकाचीही तीच अवस्था, कारण मुख्य तारेच्या टोकाला राखणदार असला तरी फांदीच्या टोकाला कोणीच नसतो.

एका रोधकाने सर्व काही साधते असेही नाही. तार तुटणे आणि दार उघडणे ही दोन्ही त्याला सारखीच दिसतात. दिवसा अलार्म बंद ठेवलेला असतो, दारे उघडतात-मिटतात, तेव्हा कोणी तार कापली तर ‘दार उघडे असेल’ अशीच समजूत होते. यावर उपाय म्हणून संवेदकात दोन रोधक बसवितात. एक एकसर आणि दुसरा संपर्काशी समांतर. दोन्ही ५,६०० ओहमचे असले, तर दार बंद असता ५,६००, उघडे असता ११,२००, तारा चिकटल्यास शून्य आणि तार तुटल्यास अनंत रोध, अशी चार निरनिराळी उत्तरे पेटीला मिळतात. काही पेट्यांना १,००० किंवा २,२०० ओहमचे रोधक लागतात; ज्या पेटीला जो सांगितला असेल तोच वापरावा.

मग बसविणारे तो पेटीत का ठेवतात? त्यांच्याही काही अडचणी आहेत, त्या नाकारता येत नाहीत. जुन्या तारांचे शेवटचे टोक भिंतीत कोठे गेले हे शोधणे कष्टाचे असते, शिडीवर चढून इवल्याशा संवेदकात रोधक कोंबणे त्याहून कठीण. शिवाय पावसाळ्यात, विशेषतः आपल्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, जोडांवर हिरवट थर चढून वारंवार बिघाडाची सूचना येते, आणि मालक वैतागतो. परंतु ती सूचना हा उपद्रव नव्हे. जोड खराब झाला, हे सत्यच ती सांगते. ते ऐकावयाचे नाही म्हणून सांगणाऱ्याला घरात आणून निजविणे हा उपाय होऊ शकत नाही. खेदाची गोष्ट अशी की, दार उघडून घेतलेल्या नेहमीच्या चाचणीत दोन्ही जोडण्या सारख्याच उत्तीर्ण होतात. म्हणूनच ही त्रुटी वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही.

टोकापर्यंत परीक्षा घेण्याचे हे तत्त्व नवे नाही. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली रेल्वेच्या बंद रूळ-परिपथाचे पेटंट मिळविले. त्यात विद्युत्घट रुळांच्या एका टोकाला आणि प्रवाह ओळखणारे साधन दुसऱ्या टोकाला असते. गाडी आली, रूळ तुटला किंवा घट संपला, तर प्रवाह त्या साधनापर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल धोका दर्शवितो. शंका आली की धोका मानावा, हा त्यातला विचार. आजचे बिनतारी संवेदकही ठराविक वेळाने ‘मी आहे’ असा संदेश पाठवितात, तोही याच विचाराने.

आता आपण काय करावे? अलार्म घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, व्यापाऱ्याने आणि शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने बसविणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: “रोधक कोठे आहे?” त्याच्या जागेची नोंद कामाच्या कागदावर करून घ्यावी. काम ताब्यात घेताना दार उघडून पाहण्यावर समाधान न मानता, त्याच माणसाकडून संवेदकापाशी एकदा तार सोडवून आणि एकदा दोन्ही तारा जोडून दाखवून घ्याव्या. दोन्ही वेळा पेटीने तक्रार केलीच पाहिजे. रोधकाची किंमत चहाच्या एका पेल्याहून कमी आहे. खर्च होतो तो श्रमाचा, आणि त्या श्रमाचे दाम आनंदाने द्यावे.

विद्यार्थिमित्रहो, चालू यंत्रणेला तुम्ही हात लावू नका. पण प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हिरवा, निळा, तांबडा आणि सोनेरी पट्टे असलेले दोन रोधक, म्हणजे ५,६०० ओहमचे, एक कळ आणि मल्टिमीटर घेऊन वर सांगितलेली चारही उत्तरे स्वतः मोजून पाहा. नंतर रोधक मीटरच्या बाजूला आणून तीच मोजमापे पुन्हा घ्या. मीटर तेच, रोधक तेच, तरीही तार तुटल्याची आणि चिकटल्याची खबर देणारे आकडे कसे नाहीसे होतात, हे तुमच्या डोळ्यांना दिसेल. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी उद्या वायरमन होवो, अभियंता होवो वा केवळ घरमालक होवो, राखणदाराला तारेच्या टोकावरून हलविण्यास तो सहजासहजी संमती देणार नाही.